अनुभव धागा: परदेशी जाताना घरचं सामान टपालानं कसं धाडलंत?

धाकटा भाऊ शिकायला बाहेर चालला आहे. विमानात चालतं त्यापेक्षा आईनं बांधलेलं गाठोडं मोठं. सल्ले भरपूर सापडतात, पण ते मुंबई-पुण्याच्या फ्लॅटवाल्यांसाठी; दारात गाडी येते, माणसं पॅकिंग करतात. आमच्या दर्यापूर तालुक्यातल्या खेड्यात यातलं काही नाही. ज्यांनी गावाकडून सामान धाडलं, त्यांनी लिहा. काय पोचलं, काय अडलं?

चिखलीजवळचं गाव, सध्या मेलबर्न:
माझं सगळं आलं, सूप सोडून. गावच्या बुरडाकडून आजीनं मुद्दाम विणून घेतलेलं बांबूचं सूप होतं. ऑस्ट्रेलियात लाकूड, बांबू, गवत, बिया यांची तपासणी भलती कडक. सुपात कीड दिसली म्हणून पत्र आलं: स्वखर्चानं प्रक्रिया करून घ्या, परत पाठवा, नाहीतर नष्ट करू द्या. प्रक्रियेच्या पैशांत गावात घरटी एक सूप वाटता आलं असतं. नष्ट करा म्हणून कळवलं. आजीला अजून सांगितलेलं नाही.
दंड मात्र झाला नाही, कारण कस्टमच्या फॉर्मवर सूप स्पष्ट लिहिलं होतं. नुसतं 'घरगुती सामान' असं कधीही लिहू नका. प्रत्येक वस्तू, नग, वजन, किंमत, वापरलेली की नवी, सगळं ओळीनं लिहा. आणि घरच्यांनी साड्यांच्या घडीत मेथी-पालकाच्या बियांच्या पुड्या खोचल्यात का, हे डबा शिवण्याआधी बघा. खोचतातच.

वरुड:
पोरगी जर्मनीले हाय. तिच्या मायनं गावरान तुपाचा डबा भरला होता. काउंटरवरचा भाऊ म्हणे, दुधाचं अन् मटनाचं काहीच तिकडं टपालानं चालत नाही. बुढी म्हणे, तूप का नासते का? शेवटी तूप घरीच राहिलं. जवसाची चटणी, सरगुंडे अन् वाकळ गेली. पोरीले कस्टमच्या हापिसात बलावलं, डबा त्यायच्यासमोर उघडा लागला. वाकळ पाहून तिथली बाई हासली म्हणे.

ब्रह्मपुरी, सध्या कॅनडा:
स्थायिक व्हायला जाणाऱ्यांनी मागाहून येणाऱ्या सामानाची यादी पहिल्याच दिवशी विमानतळावर द्यावी. यादीत नसलेल्या वस्तूवर नंतर कर लागू शकतो. इंग्लंडवाल्यांना राहतं घर हलवण्याची करमाफी मिळते, पण तिचा अर्ज वेगळा. त्यासाठी आधी सलग १२ महिने इंग्लंडबाहेर राहिलेलं आणि वस्तू निदान ६ महिने वापरातली असावी लागते. म्हणून निघताना नवी भांडी घेऊ नका, जुनीच न्या.

उमरखेड:
खाजगी कुरिअरवाले खोक्याचा आकारही मोजतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५,००० नं भागायचं. आमची रजई हलकी, पण खोकं ६० × ५० × ४० चं. म्हणजे २४ किलोचे पैसे. हवा काढायच्या पिशवीत दाबून खोक्याची उंची २० वर आणली, तेव्हा १२ वर आलं. पुस्तकं मात्र टपालानंच पाठवा. एकाच पत्त्यावर जाणाऱ्या छापील मजकुराच्या पोत्याला वेगळा दर असतो. काउंटरवर विचारलं तरच सांगतात.

आर्वी:
पॉवर बँक, अत्तर, नेलपॉलिश पार्सलात घालू नका. लोणचंही नको, बरणी कितीही घट्ट असो. तेल वाट काढतंच.

काटोल, मुलगा अमेरिकेत:
अमेरिकेनं ८०० डॉलरपर्यंतच्या मालाची करमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून काढली. त्याआधीच, २५ तारखेपासून, आपल्या टपालानं तिकडची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं होतं. १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झालं, पण कर इथंच आगाऊ भरायचा असा नियम करून. आमचं खोकं तेवढे दिवस सोयाबीनच्या पोत्यांशेजारी पडून होतं. गावच्या शाखेत हे काम होत नाही, तालुक्याला नाहीतर जिल्ह्याच्या मुख्य डाकघरात जावं लागतं. तेव्हा एसटीत खोकं चढवण्याआधी फोन करून विचारा, आणि फॉर्मवर टाकायला मुलाचा तिकडचा पिनकोड नि फोन नंबर लिहून ठेवा.