मदत हवी आहे: आजीच्या आवाजाची कॅसेट

१९९५ च्या गणपतीतली ६० मिनिटांची टीडीकेची कॅसेट सापडलीय. ए बाजूला दादाने भरलेली अलिशा चिनॉयची गाणी. बी बाजूला आजी पुरण कसं शिजवायचं ते सांगतेय, आणि मागे बाबा-काकांचा युतीच्या नव्या सरकारवरून, मनोहर जोशींवरून कडाक्याचा वाद. आजीचा आवाज आता फक्त एवढाच उरलाय.

काल लावली तर प्लेअरने टेप ओढली. साधारण वीतभर चुरगळलीय, आतली स्पंजची पट्टीही निखळलीय. कवचाला स्क्रू नाहीत, चिकटवलेलं आहे. ते न तुटता कसं उघडायचं? पुण्यात हे काम जपून करून डिजिटल कॉपी देणारं कोणी आहे का? गाणी गेली तरी चालतील, बी बाजू वाचायला हवी.