निविदेला आव्हान: उशीर झाला की जिंकूनही हरणं

‘अन्याय दाखवता आला की कोर्ट कंत्राट रद्द करतंच,’ असं निविदा हरलेल्या अनेकांना वाटतं. इतकं सोपं नसतं हो. सर्वोच्च न्यायालयाचा १९७९ चा विमानतळ प्राधिकरणाचा निकाल बघा. मुंबईच्या विमानतळावर उपाहारगृह चालवायची निविदा होती. अट होती नोंदणीकृत हॉटेलचालक म्हणून किमान पाच वर्षांच्या अनुभवाची, आणि ज्याला काम मिळालं तो या अटीत बसतच नव्हता! सरकारी संस्थेने घातलेली अट तिला स्वतःलाही बांधते, असं न्यायालयाने ठणकावलं. तरी कंत्राट कायम राहिलं. याचिका पाच महिन्यांहून जास्त उशिरा आली होती आणि तोवर कंत्राटदाराने खर्च करून काम मांडलं होतं.

युरोपीय संघात यावर बरी तोड आहे. निर्णय कळवल्यापासून किमान १० दिवस करारावर सही करता येत नाही, त्यामुळे हरलेल्याला हालचालीला वेळ मिळतो.

दुसरं म्हणजे, ‘आमचा दर कमी होता’ एवढ्यावर सहसा भागत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या टाटा सेल्युलर निकालापासून आपल्याकडे न्यायालय निर्णयापेक्षा तो कसा घेतला हे तपासतं. म्हणून तांत्रिक गुणांचा तक्ता, म्हणजे कुठल्या निकषावर कुणाला किती गुण दिले त्याची नोंद, आधी मिळवा. निकष ऐनवेळी बदलला असेल तर तो तिथेच सापडतो. आणि मूळ अटच कुणासाठी बेतलेली वाटत असेल तर निविदा भरण्याआधीच लेखी हरकत घ्या. हरल्यावर अटीबद्दल ओरडणाऱ्याचं कोर्टात फारसं कुणी ऐकत नाही.