आमचे महाविद्यालय नक्की कोणाच्या अखत्यारीत आहे?

प्रश्न : माजी विद्यार्थी, राजापूर

नमस्कार. रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण भागातील एका अनुदानित महाविद्यालयाच्या विकास समितीवर माजी विद्यार्थी या नात्याने माझी नुकतीच नेमणूक झाली आहे. भौतिकशास्त्र आणि इतिहास या दोन्ही विषयांचे अध्यापन पूर्णवेळ प्राध्यापकांविना, केवळ तासिका तत्त्वावर चालले आहे, हे पहिल्याच बैठकीत समजले. याचे कारण विचारले असता प्राचार्य म्हणाले की, शासनाने परवानगी दिल्याखेरीज पदे भरता येत नाहीत. संस्थेचे सचिव म्हणाले की, निवड समिती विद्यापीठाकडून यावी लागते. आणि गावात ज्याला विचारावे तो सांगतो की, कोकणाचे स्वतंत्र विद्यापीठ झाल्याशिवाय हे प्रश्न सुटायचे नाहीत. महाविद्यालयाची इमारत संस्थेची, पगार शासनाचा आणि पदवी मुंबई विद्यापीठाची असेल, तर निर्णय नेमका कोणाचा? आणि आमच्या समितीला यात काही अधिकार आहे, की आम्ही केवळ चहापुरते? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : देवरुखकर (महाविद्यालयीन कार्यालयातून निवृत्त)

आपल्या प्राचार्यांनी आणि सचिवांनी सांगितले ते दोन्ही खरे आहे, फक्त दोघांनी आपापला तुकडा सांगितला.

सध्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा कायदा लागू आहे. १९९४ च्या कायद्याच्या जागी तो आला आणि १ मार्च २०१७ पासून अमलात आला. त्यानुसार राज्यपाल हे कुलपती असतात. शोध समितीने सुचविलेल्या नावांतून ते कुलगुरूंची निवड पाच वर्षांसाठी करतात. कुलपतींचे पद शोभेचे आहे असे मानणाऱ्यांनी २०१७ आठवावे. संगणकावर उत्तरपत्रिका तपासण्याच्या घाईत मुंबई विद्यापीठाचे निकाल रखडले, तेव्हा राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केले होते. कुलगुरूंच्या खालोखाल अधिसभा (सिनेट), व्यवस्थापन परिषद, विद्या परिषद, अभ्यास मंडळे आणि परीक्षा व मूल्यमापन मंडळ अशी रचना आहे. अभ्यासक्रम, परीक्षा, पदवी, संलग्नता आणि शिक्षकाच्या नेमणुकीस मान्यता, एवढा विद्यापीठाचा प्रांत झाला.

पैशाची वाट मात्र निराळी आहे. अनुदानित महाविद्यालयातील वेतन उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडून, पुण्याच्या उच्च शिक्षण संचालनालयामार्फत येते आणि आपल्यासाठी त्याचा दरवाजा म्हणजे पनवेल येथील कोकण विभागाचे सहसंचालक कार्यालय. पद रिकामे झाले की, आधी त्या विषयाचा कार्यभार सिद्ध करावा लागतो. सहायक प्राध्यापकास आठवड्याला १६ तासांचे प्रत्यक्ष अध्यापन धरतात. तेवढे तास भरत नसतील, तर पूर्णवेळ पदाचा दावाच लंगडा पडतो. त्यानंतर बिंदुनामावली, म्हणजे कोणते पद कोणत्या आरक्षण प्रवर्गाचे याची क्रमवार नोंद, मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यायची आणि सहसंचालकांकडून ना हरकत प्रमाणपत्र मिळवायचे. ते मिळाले की संस्था जाहिरात देते, विद्यापीठ निवड समितीवर कुलगुरूंचे प्रतिनिधी व विषयतज्ज्ञ पाठविते, मुलाखती होतात, विद्यापीठ नेमणुकीस मान्यता देते आणि मग कुठे वेतन सुरू होते. राज्यभरात एका वेळी किती जागा भरू द्यायच्या, हे वित्त विभागाच्या संमतीने ठरत असल्याने बहुतेक प्रस्ताव ना हरकतीपाशीच थांबतात. फाईल नक्की कोणत्या पायरीवर आहे, एवढे विचारले तरी अर्धे उत्तर हाती येते.

उत्तर २ : सावंतवाडीची पदवीधर

देवरुखकरकाकांनी कार्यपद्धती उत्तम समजावून सांगितली, परंतु त्यामुळे स्वतंत्र विद्यापीठाची मागणी निरर्थक ठरते असे कोणी समजू नये. मुंबई विद्यापीठाचे कार्यक्षेत्र मुंबई शहरापासून पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि आमच्या सिंधुदुर्गापर्यंत पसरले आहे. रत्नागिरीला आणि सावंतवाडीला उपकेंद्रे आहेत खरी, पण जिथे अभ्यासक्रम ठरतो आणि उत्तरपत्रिकांविषयी अंतिम निर्णय होतो, त्या सभा मुंबईतच होतात. अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांच्या दहा जागा आहेत. मतदार बहुसंख्येने मुंबई-ठाण्याचे असताना दोडामार्ग किंवा मंडणगडचा उमेदवार कशाच्या जोरावर निवडून यावा?

शेजारचा गोवा पाहा. तेथील महाविद्यालये पूर्वी मुंबई विद्यापीठाशीच संलग्न होती आणि १९८४ च्या कायद्याने गोव्याने स्वतःचे विद्यापीठ उभारले. ते वेगळे राज्य असल्याने तो दाखला चालणार नाही असे कोणी म्हणेल, म्हणून राज्यातले दोन देते. सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये केवळ एका जिल्ह्यासाठी शिवाजी विद्यापीठातून वेगळे काढले गेले. गडचिरोली-चंद्रपूरसाठी गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये नागपूर विद्यापीठातून निघाले. एका जिल्ह्याला जे मिळते, ते रत्नागिरी-सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांना का मिळू नये, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर कोणी दिलेले नाही.

उत्तर ३ : दापोलीचा कृषी पदवीधर

थोडे वेगळे सांगतो. कोकणात विद्यापीठ नाही, हे विधान मला नेहमी खटकते. दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे आणि लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. फक्त ती वेगळ्या कायद्यांखाली चालतात. आमचे विद्यापीठ १९८३ च्या कृषी विद्यापीठ अधिनियमाखाली आणि कृषी विभागाच्या कक्षेत येते. रत्नागिरीजवळचे शिरगावचे मत्स्य महाविद्यालय दापोलीचे, शहरातील कला-विज्ञानाचे वर्ग मुंबईचे, वैद्यकीय महाविद्यालय नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे आणि तंत्रनिकेतन तर कोणत्याच विद्यापीठाचे नाही, ते तंत्रशिक्षण मंडळाचे. उलट लोणेरेला २०१४ च्या कायद्याने राज्यभरच्या महाविद्यालयांना संलग्न करून घेण्याचा अधिकार मिळाला आहे. म्हणजे विदर्भातला अभियंता कोकणाची पदवी घेऊ शकतो आणि कोकणात शिकलेल्या डॉक्टरची पदवी नाशिकहून येते. शासनाने विद्यापीठे प्रदेशाप्रमाणेही वाटली आहेत आणि विषयाप्रमाणेही. नवे कोकण विद्यापीठ झाले, तरी ते या सगळ्यांना एका छताखाली आणणार नाही.

उत्तर ४ : देवरुखकर

सावंतवाडीच्या ताईंची अधिसभेविषयीची तक्रार रास्त आहे. मीही नोंदणीकृत पदवीधर आहे आणि आपल्या भागात नोंदणी करून घेण्याचीच किती उदासीनता आहे, हे मला ठाऊक आहे. मात्र राजापूरच्या प्रश्नापुरते मी स्पष्टच लिहितो. स्वतंत्र विद्यापीठ झाले, तर अभ्यासक्रम, परीक्षा आणि निवड समितीची पत्रे जवळून येतील; प्राध्यापकाचे पद आणि वेतन यांचा निर्णय तेव्हाही मंत्रालयात आणि पनवेललाच होईल. सोलापूर-गडचिरोलीतही अनुदानाची वाट शासनाकडूनच जाते. स्वायत्ततेचेही तसेच आहे. रत्नागिरीचे गोगटे-जोगळेकर महाविद्यालय आता स्वायत्त असून अभ्यासक्रम आणि परीक्षा त्याच्या हाती आल्या आहेत, पण म्हणून पदे भरण्याची परवानगी त्याच्या हाती आलेली नाही. दोन मागण्या एकमेकींत मिसळल्यामुळे आपण चुकीच्या दारावर मोर्चा नेतो, असे माझे मत आहे.

आता समितीविषयी. जुन्या कायद्यातील स्थानिक व्यवस्थापन समितीच्या जागी २०१६ च्या कायद्याने महाविद्यालय विकास समिती आणली. संस्थेचे अध्यक्ष किंवा त्यांचे प्रतिनिधी तिचे प्रमुख आणि प्राचार्य सदस्य-सचिव असतात. शिक्षक, शिक्षकेतर कर्मचारी, स्थानिक सदस्य आणि विद्यार्थी परिषदेचे पदाधिकारी तिच्यावर असतात आणि वर्षातून किमान चार बैठका घ्याव्या लागतात. अंदाजपत्रक, विकास आराखडा आणि शिक्षक-कर्मचाऱ्यांच्या पदांविषयी शिफारशी करणे हे तिचे काम आहे, तेव्हा केवळ चहापुरते आपण निश्चितच नाही. शिफारस बंधनकारक नसते हे खरे, पण इतिवृत्तात नोंदलेला ठराव पुढे पाठवण्याचा आग्रह संस्थेकडे धरता येतो आणि लेखी प्रस्तावाला पनवेलहून लेखी उत्तर मागता येते.

पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर दोन्ही विषयांचा चालू वर्षाचा कार्यभार तक्ता, मंजूर पदांची यादी आणि बिंदुनामावली तपासल्याची तारीख, एवढी तीन कागदपत्रे ठेवण्यास प्राचार्यांना आजच लेखी कळवावे. इतिहासाचा कार्यभार बहुधा भरेल. भौतिकशास्त्राचा भरतो का, ते तृतीय वर्षाला किती मुले उरली आहेत यावर ठरेल.