ओकाफोर म्हणजे बाजार?

प्रश्न: आमच्या मेसमध्ये एक नायजेरियन पोरगा जेवतो, आडनाव ओकाफोर. अर्थ विचारला तर म्हणे बाजाराचा दिवस. मस्करी करून राह्यला का बे?

उत्तर १: नाही ना! नायजेरियातल्या इग्बो समाजाचा आठवडा 4 दिवसांचा: एके, ओरिए, आफो, न्क्वो. त्यांवरच बाजार भरतात. आफोला जन्मला तो ओकाफोर, न्क्वोला ओकोंक्वो. नागपूरच्या इतवारी-बुधवारी बाजारवाल्यांनी तरी हसू नये.

उत्तर २: 'ओझोएमेना' हे इग्बो नावही बघा, 'असं पुन्हा न घडो'. घरात वाईट घडल्यावर जन्मलेल्या लेकराचं नाव. आजीची चार लेकरं गेली, पाचव्याला दगडू म्हटलं. तेच माझे बाबा. पुढे त्यांनी गॅझेटात नाव बदललं, आजी मात्र शेवटपर्यंत दगड्याच म्हणे.

प्रश्नकर्ता: हाव का! उद्या त्याला तर्री-पोहे चारून इतवारीत नेतो.