नाशिक शहरातल्या आमदारकीचा इतिहास कोणी सांगेल का?

गंगापूर रोडकर: मुलीला शाळेच्या प्रकल्पासाठी हवं आहे. २००९च्या आधी 'नाशिक मध्य' नव्हताच म्हणतात, खरं का?

जुना पंचवटीकर: खरं आहे. आधी शहराचा मुख्य मतदारसंघ नुसता 'नाशिक' होता. १९९० आणि १९९५ला भाजपचे डॉ. दौलतराव आहेर, २००४ला काँग्रेसच्या डॉ. शोभा बच्छाव. मग पुनर्रचना झाली आणि २००९पासून पूर्व, मध्य, पश्चिम असे तीन झाले. पहिल्याच फटक्यात तिन्ही मनसेकडे! पूर्वमध्ये उत्तमराव ढिकले, मध्यमध्ये वसंत गिते, पश्चिममध्ये नितीन भोसले. निकालाच्या संध्याकाळी मी रविवार कारंज्यावर होतो. पोरांच्या केसांत गुलाल, आणि एकाने पुठ्ठ्याचं रेल्वे इंजिन सायकलच्या हँडलला सुतळीने बांधलेलं. पाच वर्षांत तिन्ही जागा भाजपकडे गेल्या याची मला आजही हळहळ वाटते. इतका विश्वास शहराने क्वचितच कोणावर टाकला असेल.

सिडकोवाला: २०१४पासून मध्यमध्ये देवयानी फरांदे, पश्चिममध्ये सीमा हिरे, सलग तीनदा. पूर्वमध्ये २०१४ला बाळासाहेब सानप, नंतर दोनदा राहुल ढिकले, उत्तमरावांचे चिरंजीव.

गंगापूर रोडकर: मनापासून आभार. देवळालीही धरायचा का?

जुना पंचवटीकर: जरूर धरा ताई, तो राखीव आहे. बबनराव घोलप १९९०पासून सलग पाचदा, २०१४ला मुलगा योगेश. २०१९ला सरोज अहिरेंनी ती साखळी तोडली. मुलीला नकाशा मात्र स्वतः काढू द्या.