तातडीनं मदत हवी आहे : उकिरड्यातली पांढरी अळी आणि उसातली हुमणी एकच का?

काळीमाती :
रामराम मंडळी. लवकर सांगा, उद्या सकाळी ट्रॅक्टर येणार आहे. उकिरड्यात खोरं मारलं की पांढऱ्या जाड अळ्या निघायल्यात. उसात मुळं खाणारी हुमणी लागलीय, तिथं बी तसल्याच निघाल्या. चुलते म्हणायलेत, हे खत रानात टाकलं तर हुमणी आपल्याच हातानं पेरल्यासारखं होईल. आठ ट्रॉल्या माल आहे. टाकू का नको, एवढंच सांगा.

गोदाकाठचा_गडी :
गाव कोणतं, ऊस कसला, अळी केवढी, फोटो कुठाय? इथं कोणी पंचांग उघडून बसलेलं नाही.

बांधावरचा_बाप्पा :
मेटारायझियम, अळी मारणारी बुरशी. डोळे झाकून टाका. मी तीन वर्षं शेणखतात मुरवून टाकतोय. अळीच्या अंगावर हिरवी बुरशी चढलेली स्वतः बघितलीय. जातबित बघायची गरजच नाही.

जुना_खोडवा :
बुरशीनं काय होतंय? फोरेट हे कीटकनाशक टाका, विषय संपला. आमच्या वडलांनी जन्मभर तेच टाकलं.

गोदाकाठचा_गडी :
काका, फोरेटवर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे.

जुना_खोडवा :
बंदी कागदावर असती. हुमणीला कागद वाचता येत नाही.

काळीमाती :
तुमचं चालू द्या, माझा ट्रॅक्टर यायलाय. तालुका घनसावंगी. खोडवा आहे, बेटं पिवळी पडून वाळायलीत, हातानं ओढलं की मुळासकट वर येतात. अळी करंगळीएवढी. फोटो चढत नाही. आणि चढला तरी दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून तर विचारलं ना.

लातूरचा_पाहुणा :
आमच्याकडं २०२२ ला शंखी गोगलगाईनं सोयाबीन कोवळं असतानाच साफ केलं, दुबार पेरणी करावी लागली. मेटाल्डिहाइडच्या गोगलगाय मारायच्या गोळ्या संध्याकाळी बांधाच्या कडंनं टाका. जनावरं, कोंबड्या लांब ठेवा.

काळीमाती :
दादा, गोगलगाय नाही हो. अळी.

मुंगीचा_माग :
मी परभणीला कृषी विद्यापीठात कीटकशास्त्र शिकतेय. जात बघायची गरज नाही हे बाप्पांचं म्हणणं मला पटत नाही, कारण इथं सगळा प्रश्न जातीचाच आहे. पांढरं अंग, तपकिरी डोकं, सहा पाय, इंग्रजी सी अक्षरासारखं वळलेलं शरीर. भुंगेऱ्यांच्या या अख्ख्या कुळातल्या अळ्या अशाच दिसतात. काही जिवंत मुळं खातात, काही नुसतं कुजकं खाऊन जगतात.

उकिरड्यातल्या दहा आणि उसातल्या दहा अळ्या वेगवेगळ्या डब्यांत घ्या. एकेक अळी सपाट पत्र्यावर ठेवा आणि हात न लावता दोन मिनिटं बघत राहा. पाय आभाळाकडं करून पाठीवर सरपटत निघाली तर ती फुलांवर येणाऱ्या भुंगेऱ्याची, कुजकं खाणारी. कुशीवर वळून पडून राहिली तर पुढं बघावं लागेल.

जुना_खोडवा :
पाठीवर चालणारी अळी! साठ वर्षांत नाही बघितली.

मुंगीचा_माग :
काका, उकिरड्यात रोज असते. आपण बघायच्या आधीच कोंबडीला टाकतो.

काळीमाती :
ताई, बॅटरीच्या उजेडात बघितलं. खतातल्या दहापैकी आठ खरंच उताण्या होऊन पळाल्या, घरातली पोरं बघायला गोळा झाली. दोन कुशीवरच पडून आहेत, त्या बाकीच्यांपेक्षा मोठ्या. उसातल्या दहाच्या दहा कुशीवर. म्हणजे खतात बी हुमणी आहे का? चुलते शेजारीच बसलेत.

मुंगीचा_माग :
त्या दोघींचं शेवटचं टोक खालच्या बाजूनं भिंगातून बघा. गुदद्वाराची चीर आडवी, मिटलेल्या ओठांसारखी आहे, का तीन फाट्यांची?

काळीमाती :
आज्जीचं पोथी वाचायचं भिंग घेतलं. खतातल्या दोन्हींची आडवी. उसातल्यांची तीन फाट्यांची.

मुंगीचा_माग :
मग उसातली होलोट्रायकिया नावाच्या भुंगेऱ्याच्या गटातली, म्हणजे खरी हुमणी. खतातल्या मोठ्या दोन बहुतेक गेंडा भुंग्याच्या. तो नारळाला त्रास देतो, पण त्याची अळी कुजक्यावरच असते. 'बहुतेक' म्हणतेय, कारण फायलोग्नॅथस नावाच्या भुंगेऱ्याच्या अळीची चीरही आडवीच असते आणि तीही आपल्याकडं हुमणीत मोजतात.

वारणेचा_वारा :
तीन फाट्यांची म्हणजे नदीकाठची हुमणी. आमच्या सांगली-कोल्हापूरकडं हीच. गोदावरी जवळ आहे म्हटल्यावर प्रश्नच नाही.

मुंगीचा_माग :
नदी जवळ आहे म्हणून जात ठरत नाही. नदीकाठची म्हणजे ल्युकोफोलिस नावाच्या भुंगेऱ्याची अळी. तिची आणि होलोट्रायकियाची चीर सारखीच असू शकते, म्हणून त्या चिरेच्या पुढचे केस बघायचे. ल्युकोफोलिसला तिथं काट्यांसारख्या केसांच्या दोन समांतर उभ्या रांगा असतात, चेनच्या दातांसारख्या. आज्जीच्या भिंगात ते दिसणं अवघड आहे. पाचसहा अळ्या मिनिटभर उकळत्या पाण्यात धरा, मग स्पिरिटच्या बाटलीत टाका. जिवंत टाकल्या तर काळ्या पडतात आणि काहीच ओळखू येत नाही. बाटलीवर गाव, तारीख, पीक लिहून कृषी विज्ञान केंद्रात द्या.

बांधावरचा_बाप्पा :
एवढं करून शेवटी मेटारायझियमच सांगतील.

मुंगीचा_माग :
सांगतीलही. ओल असेल तर ते चांगलंच आहे. पण आता अळी पूर्ण वाढलीय, कोणत्याही औषधाला दाद देणार नाही. वाळलेली बेटं खणून अळ्या वेचणं हेच आत्ताचं काम. खरा घाव जूनमध्ये घालायचा. पहिला मोठा पाऊस झाला की दिवेलागणीनंतर भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंबावर, बाभळीवर पाला खायला बसतात. फांद्या हलवून रॉकेलच्या पाण्यात पाडायचे, आणि सगळ्या शिवारानं एकाच वेळी.

काळीमाती :
ते जूनचं जूनमध्ये. ट्रॅक्टरवाल्याला काय सांगू?

मुंगीचा_माग :
कच्चं खत टाकू नका एवढं चुलत्यांचं बरोबर आहे, हुमणीच्या भुंगेऱ्याची मादी तसल्या जागी अंडी घालते. वरचं अर्धवट कुजलेलं बाजूला काढा, खालचं काळं भुसभुशीत न्या. फेकायचं काहीच नाही.

काळीमाती :
चार ट्रॉल्या न्यायच्या ठरल्या. उरलेलं खळ्यावर पातळ पसरलंय, कोंबड्या सोडल्यात. चुलते अजून पत्र्यापाशीच बसलेत, एकेक अळी उताणी होती का बघायलेत. ताई, स्पिरिट मेडिकलमधलं चालतंय ना?