कानातली किर्र थांबवणारं औषध आपल्या हयातीत येईल का?

तंबोरा_मिरज
चार वर्षं झाली, डाव्या कानात रातकिडा बसलाय. विसर्जन मिरवणुकीत स्वागत कमानीखाली डॉल्बीच्या भिंतीसमोर दोन तास उभा होतो. घरी आलो तेव्हा कानात कापूस कोंबल्यासारखं झालं होतं आणि आत बारीक शिट्टी. तिसऱ्या दिवशी दडा सुटला, शिट्टी राहिली ती राहिलीच.

आमच्या घरात तीन पिढ्या तंबोऱ्याचं काम. मी जवारी काढतो, म्हणजे तार जिच्यावर टेकते ती घोडी घासून नाद खुलवतो. घोडीवरून कानस हलक्या हाताने एकदा फिरवायची, तार चढवायची, छेडायची आणि भोपळ्याला कान लावून आस, म्हणजे मागे उरणारा नाद, किती वेळ रेंगाळते ते ऐकायचं. पुन्हा तार उतरवायची, पुन्हा कानस. एका तंबोऱ्याला दिवस जातो. आता डावा कान लावला तर आस कुठे संपली आणि माझी शिट्टी कुठे सुरू झाली ते कळत नाही. उजव्या कानावर काम करतो. तरी गिऱ्हाईक यायच्या आधी वडील एकदा स्वतः ऐकून घेतात. ते काही बोलत नाहीत, पण ऐकतात.

तीन डॉक्टर झाले. तिघांचं एकच, "सवय करून घ्या." मला हे मान्य नाही. आपल्या एका कानात सुमारे १५ हजार केसपेशी, म्हणजे आवाज टिपणाऱ्या पेशी असतात, त्या मेल्या की माणसात परत येत नाहीत. पण कोंबडीत येतात. आवाजाने किंवा औषधाने मेलेल्या पेशींच्या जागी पक्ष्यांच्या कानात नव्या उगवतात, हे १९८०च्या दशकातच सिद्ध झालंय. म्हणजे निसर्गाला ही विद्या येते, आपल्यात तिचं दार बंद आहे एवढंच. जानेवारी २०२४ मध्ये छापून आलं, चीनमधल्या डॉक्टरांनी जन्मतः बहिऱ्या सहा मुलांच्या कानात जनुक सोडलं, पाच जणांना ऐकू यायला लागलं. हे घडून गेलंय, स्वप्न नाही. माझं मत स्पष्ट आहे : औषध येणार, आणि त्याची वाट बघणं वेडेपणा नाही. ज्याला पटत नाही त्याने कारण सांगावं.

यंत्रमाग_विटा
कारण मी सांगतो, कारण मी वाट बघून बसलोय.

वय ६१. तेहतीस वर्षं यंत्रमागाच्या शेडात गेली. शेजारच्या माणसाला कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगायला लागायचं. दोन्ही कानांत कायम माग चालू आहे, बंद शेडात बसलो तरी. २०१९ मध्ये मुलाने दाखवलं की अमेरिकेत एफएक्स-३२२ नावाचं इंजेक्शन निघतंय, पडद्यातून कानात सोडायचं, आतल्या आधारपेशी जाग्या होऊन नव्या केसपेशी तयार होतील. पहिल्या छोट्या चाचणीत काही जणांना शब्द जास्त स्पष्ट ऐकू आले होते. माझा जीव त्यात अडकला. २०२१ मध्ये पुढच्या चाचणीत खऱ्या औषधात आणि खोट्या औषधात फरकच दिसला नाही. तरी मी म्हटलं, डोस चुकला असेल. फेब्रुवारी २०२३ मध्ये दुसरी मोठी चाचणी पण फसली आणि कंपनीने ते कामच सोडलं. बरं, ते इंजेक्शन ऐकू येण्यासाठी होतं. किर्र थांबेल हे आपण आपल्या मनाने जोडलं होतं.

ही चार वर्षं मी काय केलं ते ऐका. पहाटे ४ला उठायचो आणि पहिलं काम म्हणजे कान तपासायचं. आज कमी आहे का? कालच्यापेक्षा बारीक आहे का? औषध यायच्या आधी कान अजून खराब व्हायला नको म्हणून लग्नकार्याला गेलो नाही, भजनाला गेलो नाही. नातीच्या बारशाला बाहेर गाडीत बसून होतो. औषधाची आशा सोडली त्या वर्षी मी पुन्हा भजनात बसलो. आवाज आहे तेवढाच आहे, पण मी त्याच्यावर पहारा ठेवायचा बंद केला. तुम्ही तरुण दिसता, म्हणून कळकळीने सांगतो, ही वाट बघू नका.

तंबोरा_मिरज
काका, तुमच्या बारशाचं वाचून वाईट वाटलं. पण एका कंपनीचं इंजेक्शन फसलं म्हणजे विद्याच खोटी ठरत नाही. एक भोपळा तडकला म्हणून आम्ही तंबोरा करायचं सोडत नाही.

सातारा_पोवईनाका
विट्याच्या काकांशी मी अजिबात सहमत नाही, आणि मी २६ वर्षांचा आहे म्हणून नाही.

मला हे सुरू झालं तेव्हा पहिले तीन महिने झोप नव्हती. खोलीत पंखा, मोबाईलवर पावसाचा आवाज, तरी आत शिट्टी. त्या दिवसांत कुणी "हे कायमचं आहे, आशा सोड" असं म्हटलं असतं तर मी काय केलं असतं ते इथे लिहीत नाही. कुठेतरी कुणीतरी यावर काम करतंय, एवढ्या एका वाक्यावर मी रात्री काढल्या. नंतर सीबीटी म्हणजे मानसोपचाराची सत्रं घेतली. त्याने आवाज कमी होत नाही, त्रास कमी होतो. संशोधनही नेमकं हेच सांगतं आणि माझा अनुभवही तोच. पण त्या सत्रांपर्यंत पोचायला मी शिल्लक राहायला हवा होतो ना. काका, तुमची आशा ६१व्या वर्षी सुटली, तुम्हाला घर होतं, नात होती. प्रत्येकाकडून ती काढून घेऊ नका.

श्रवणतज्ज्ञ_सांगली
बारा वर्षं कान तपासतेय. दोन्ही बाजूंना थोडं थोडं चुकतंय, म्हणून सविस्तर लिहिते.

मिरजेच्या दादांनी दिलेलं त्या मुलांचं उदाहरण खरं आहे, पण ते मेलेल्या पेशी परत उगवण्याचं नाही. त्या मुलांच्या केसपेशी जिवंत होत्या. ओटोफर्लिन नावाचं एक प्रथिन नव्हतं, त्यामुळे पेशीकडून नसेला निरोप जात नव्हता. जनुक दिलं, निरोप सुरू झाला. डॉल्बीने जे होतं ते याच्या उलट, तिथे पेशी मरते किंवा तिची नसेशी असलेली जोडणी तुटते. २००९ मध्ये उंदरांवरच्या कामातून दिसलं की मोठ्या आवाजानंतर ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली तरी नसेच्या निम्म्यापर्यंत जोडण्या कायमच्या गेलेल्या असू शकतात. म्हणून कित्येकांचा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, सरळ येतो आणि माणूस मात्र म्हणतो, मॅडम, आत किंचाळतंय. त्यांना "तुम्हाला काही झालेलं नाही" सांगून परत पाठवतात, याचा मला राग येतो.

आता सगळ्यात अवघड भाग. आवाज कानामुळे सुरू होतो, पण तो कायम ठेवतो मेंदू. कानाकडून येणारा निरोप कमी झाला की मेंदू आपला व्हॉल्यूम वाढवतो, असं आज बहुतेक संशोधक मानतात. पूर्वी काही शस्त्रक्रियांमध्ये ऐकण्याची नस कापावी लागली, तरीही कित्येक रुग्णांची किर्र थांबली नाही. कान दुरुस्त झाला म्हणून किर्र जाईलच, हे कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

पण काका, दुसरी बाजूही आहे. ज्या बहिऱ्या माणसांना कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकण्याच्या नसेला थेट विजेचे निरोप देणारं यंत्र, बसवतात, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची किर्र यंत्र चालू असताना कमी होते. साध्या श्रवणयंत्रानेही काहींना आराम पडतो. कानाकडून निरोप परत यायला लागला की मेंदू आवाज खाली आणू शकतो, याचा हा पुरावा आहे. म्हणून केसपेशी नाहीतर जोडण्या परत आणायचं काम किर्रच्या बाबतीतही अर्थहीन नाही. युरोपात केसपेशी उगवण्यासाठी आणखी एका औषधाची चाचणी झाली, २०२४ मध्ये निष्कर्ष छापून आले, मुख्य उद्दिष्ट गाठलं नाही. वाट लांब आहे, पण बंद नाही.

दादा, एक प्रश्न. फक्त एकाच कानात आवाज आहे म्हणता. एमआरआय झाला का? एका बाजूच्या किर्रमध्ये नसेवर गाठ नाही ना, हे बघून घ्यावंच लागतं. बहुतेकदा काही निघत नाही, पण बघायचं.

बेदाणा_तासगाव
तुम्ही सगळे विज्ञानावर बोलताय, मी पैशावर बोलते.

माझ्या मुलीला १९व्या वर्षी हे लागलं. एका मोठ्या शहरातल्या क्लिनिकने सांगितलं, स्टेम सेल म्हणजे मूळ पेशी देतो, कानातल्या पेशी नव्या होतील, १ लाख ८० हजार. बेदाण्याचे पैसे नुकतेच आले होते, ते सगळे तिथे गेले. हाताच्या शिरेत सलाईनसारखं लावलं, दोन वेळा. कानाला कुणी हातसुद्धा लावला नाही. मी विचारलं तर म्हणाले, पेशी आपोआप जागा शोधतात. सहा महिन्यांनी फोन केला तर म्हणाले, तिसरा डोस घ्यायला हवा होता. मुलीने माझ्याकडे बघून मान हलवली, बस एवढंच. ती आता कुठल्याच डॉक्टरकडे यायला तयार नाही.

त्यामुळे मॅडम, "वाट बंद नाही" हे वाक्य जपून बोला. त्याच वाक्याचा आधार घेऊन ते लोक आमच्या दारात येतात.

श्रवणतज्ज्ञ_सांगली
ताई, तुमचं बरोबर आहे. ते वाक्य एकटं सोडायला नको होतं.

आयसीएमआरची, म्हणजे देशातल्या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेची, २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं याबद्दल स्पष्ट आहेत : रक्ताच्या ठरावीक आजारांसारखे मान्य उपचार सोडले, तर स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीतच देता येतात, आणि चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नाहीत. कानासाठी असा मान्य उपचार आज नाही. बहिरेपणा बरा करतो अशी जाहिरात करायलाही १९५४च्या जादुई उपचारांवरच्या कायद्याने बंदी आहे. कुणी नवा उपचार म्हणालं की क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीचा (सीटीआरआय), म्हणजे उपचारांच्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला नोंदणी क्रमांक मागा. पैसे मागितले की उठून या. मुलीला माझ्याकडे आणायची घाई करू नका, आधी तुम्हीच येऊन बोला.

यंत्रमाग_विटा
साताऱ्याच्या पोराचं वाचलं. दोनदा वाचलं. नव्याने ज्याला लागलंय त्याला मी "आशा सोड" म्हणणार नाही, ते माझं चुकलं. पण चार वर्षं झालेल्या माणसाला म्हणणार.

आणि एक बोलायचंच आहे. पेशी उगवायच्या चाचण्यांवर जगात एवढा पैसा जातो. आमच्याकडे मागावरची पोरं आजही कानात सरकीचा कापूस घालतात, त्याने आवाज फारसा अडत नाही. फोमचे इअरप्लग किती स्वस्त मिळतात. आवाजाने येणारा बहिरेपणा कारखाने कायद्याच्या परिशिष्टात नोंदवायचा रोग म्हणून होता, पण माझ्या शेडात माणसं इतकी कमी की तो कायदा आम्हाला लागतच नव्हता. मी मालक होतो, मीसुद्धा कुणाला प्लग दिले नाहीत. गेल्या वर्षापासून भावाच्या शेडात डबा ठेवलाय. अर्धी पोरं घालतात. तंबोरेवाले, येत्या विसर्जनाला तुमच्या मंडळात कुणी घालतंय का?

तंबोरा_मिरज
नाही घालत, काका. मीही त्या रात्री घातले नव्हते. यंदा मंडळाच्या बैठकीत विषय काढणार आहे. डॉल्बी बंद करा म्हटलं तर भांडण होईल, ढोलताशा-डॉल्बीजवळच्या पोरांना तरी प्लग द्या म्हणणार.

मॅडम, एमआरआय झालेला नाही. तिघांपैकी कुणी सांगितलाच नव्हता. आज मिरजेत चौकशी केली, पुढच्या बुधवारची वेळ मिळाली. त्या मुलांच्या बाबतीत माझी समजूत चुकीची होती, तेही मान्य. नस कापूनही आवाज राहतो हे वाचून मात्र काल रात्री झोप लागली नाही.

पण मत बदललेलं नाही. पेशी परत आल्या आणि शिट्टी राहिलीच, तरी मला चालेल. भोपळ्याला डावा कान लावल्यावर आस शेवटपर्यंत ऐकू आली तर शिट्टीच्या मागून ती वेगळी काढायला मी शिकेन, माझं कामच ते आहे. म्हणून ज्या दिवशी आपल्याकडे अशी चाचणी नोंदणी क्रमांकासह, फुकट सुरू होईल, त्या दिवशी मी नाव देणार. तोवर उजव्या कानावर काम चालू आहे. बुधवारचा रिपोर्ट आला की इथेच टाकतो.